वेपचे खरे व्होल्ट

नवऱ्याने सिगारेट सोडली ती स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट हातात पडल्यावर. डॉक्टरांनी दमच भरला होता, "आता एक जरी ओढलीत तर माझ्याकडे येऊ नका." मग साहेब सुट्टीवरून परत येताना बॅगेत वेप, म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट, घेऊन आले. इथे कतारमध्ये त्यावर बंदी आहे हे माहीत असून! त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. पण सिगारेट सुटत होती, म्हणून मी मूग गिळून बसले.

एका शुक्रवारी दुपारी, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, वेप ओढता ओढता तो खोकून खोकून लालबुंद झाला.

"घसा जळतो गं याने. यापेक्षा सिगारेट परवडली. खलास! खाली जाऊन पाकीट आणतो."

मी दार अडवलं. "थांब जरा! आधी मला बघू दे."

मी रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. यंत्र काय दाखवतं आणि खरं किती आहे, हे ताडून बघण्याचाच मला पगार मिळतो. वेपच्या स्क्रीनवर साडेतीन व्होल्ट होते. मी माझा मल्टिमीटर काढला, आतलं लिक्विड तापवणाऱ्या कॉइलच्या दोन टोकांना प्रोब लावले आणि त्याला बटण दाबायला सांगितलं. साडेतीन. अगदी बरोब्बर.

"मशीन ठणठणीत आहे," मी म्हटलं. "तुलाच सिगारेट हवीय. नाटकं नकोत."

तो उठला. चपला घालायला लागला.

मी चिडून सगळं आवरायला घेतलं. वेप उचलताना बटण दाबलं गेलं आणि हाताला बारीक गुरगुर लागली. सरळ डीसीवर, म्हणजे सलग विजेवर, कॉइल अशी गुरगुरत नाही. अरे देवा! आमच्या प्लांटमध्ये सगळं चोवीस व्होल्ट डीसीवर, त्यामुळे मीटर हातात आला की माझी बोटं आपोआप डीसीवरच जातात. आणि हे स्वस्तातलं यंत्र वीज तुकड्यातुकड्यांनी सोडत होतं, चालू-बंद, चालू-बंद. डीसीवरचा मीटर त्याची नुसती सरासरी सांगतो. कॉइल मात्र प्रत्येक तुकड्याच्या जोराने तापते.

"चपला काढ!" मी ओरडले. "परत दाब ते बटण."

तुकड्यांचा खरा जोर मोजणारी मीटरची सेटिंग लावली. आकडा साडेचारच्याही वर गेला.

"बघ! स्क्रीन थापा मारतेय. लिक्विड करपतंय आतल्या आत, मग घसा नाही जळणार तर काय होणार?"

मीटरवर खरे साडेतीन येईपर्यंत वेपची व्होल्ट कमी-जास्त करायची चकती खाली फिरवली. त्याने भीत भीत एक झुरका घेतला. खोकला नाही. दुसरा घेतला. नाहीच!

मला वाटलं, आता हा हसेल, मला चिडवेल. तो खुर्चीत बसला, खाली बघत म्हणाला, "मला वाटायला लागलं होतं, माझ्यातच दम नाही. लोक सोडतात, मला एवढंही जमत नाही."

आणि मी त्याच्या खोकल्याला नाटकं म्हटलं होतं. इतकं वाईट वाटलं मला.

"अरे, रिपोर्ट आल्यापासून एकही ओढली नाहीस तू," मी म्हटलं. "घसा जळत असतानासुद्धा. माझ्याने झालं नसतं हे."

तो वेपकडे बघत म्हणाला, "मग आता हेही सोडायचं. हळूहळू व्होल्टचा आकडा खाली आणू. तू मीटर धरशील?"

"धरीन की," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.