सिद्धोधनचा ड्रोन आणि आईचा दोरा

माझी भाची राजेश्री, तिच्या लग्नात ड्रोन पडला आणि कुणाला साधा ओरखडाही आला नाही. याचं सगळं श्रेय माझी आई कमलबाई घेते. खरं श्रेय पेडगावच्या सिद्धोधनचं, पण तो तिला खुशाल घेऊ देतो.

सिद्धोधन दिवसा शेतकऱ्यांच्या पिकांवर ड्रोनने औषध फवारतो आणि लग्नसराईत कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन घेऊन गावोगाव फिरतो. सोबत बायको, धम्मशीला. उडवताना त्याचे डोळे स्क्रीनवर असतात, तिचे आभाळात. अंधारात ड्रोनचा तेवढा लुकलुकता दिवा दिसतो, तो तिने नजरेआड होऊ द्यायचा नाही, हे दोघांचं ठरलेलं.

राजेश्रीच्या गावी, बोरीला, लग्न संध्याकाळचं, तर हा गडी भर उन्हात हजर. स्टेजभोवती फिरून विजेच्या तारा बघितल्या, कडुलिंबाची उंची बघितली, डीजेचा खांबही सोडला नाही. "रातीला तार दिसत न्हाई. आत्ताच बघून ठेवायची," म्हणाला. शेजारच्या नांगरलेल्या रानात त्याने ड्रोन उडवायला-उतरवायला चुन्याचं रिंगण काढलं, त्यात कुणी पाय ठेवायचा नाही. पोलीस ठाण्यात आधीच सांगून आला होता. वर ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारायला लावलं, "आज रातीला उडंल तो लग्नाचा ड्रोन हाय, कुणी दगडं मारू नगा." यात हसण्यासारखं काही नाही. रात्री ड्रोन दिसला की चोर टेहळणी करायलेत म्हणून आमच्याकडची गावं काठ्या घेऊन बाहेर येतात.

दाजी भगवानराव, म्हणजे नवरीचे वडील, यांच्याशी मात्र त्याचं वाजलं.

"अक्षता पडतानी ड्रोन स्टेजच्या बरोब्बर वर पायजे," दाजी म्हणाले. "पोरगी वरून दिसली पायजे."

"मानसांच्या डोक्यावरून न्हाई उडवत मी, काका. रानाच्या कडंनं घेतो."

"मग तुला बोलावलं कशाला? दुसरे घेतेत की डोक्यावरून!"

"त्येंचं त्येंला ठाऊक. मी न्हाई घेणार."

दाजी फणकारून निघून गेले. मीही दाजींच्याच बाजूचा. पोरीचं लग्न एकदाच होतं आणि हा बाबा आम्हाला कायदा शिकवायलाय, असं माझं डोकं फिरलं होतं.

मुहूर्त गोरजाचा होता. पण नवरदेव मारुतीच्या देवळापासून नाचत यायलाय म्हटल्यावर कसला गोरज! चांगला अंधार पडला. वरात अजून लांब होती, म्हणून मी सिद्धोधन आणि धम्मशीलाला ओढत पंगतीला नेलं. राग वेगळा आणि ताट वेगळं; कामाला आलेला माणूस आमच्या दारात उपाशी राहत नाही.

"ड्रोन एकलाच हाय तिकडं," सिद्धोधन घुटमळला.

"त्येला कोण खातंय?" मी म्हणालो.

खाल्लं कुणी नाही, पण माझी आई तिकडे गेली. हे आम्हाला नंतर कळलं. दुपारपासून सगळं गाव त्या ड्रोनकडे टकामका बघत होतं. एवढ्या नजरा लागल्या, आता बिचाऱ्याचं कसं व्हायचं, या काळजीने तिने कनवटीचा काळा दोरा काढून त्याच्या एका पंखाच्या दांडीला खालून बांधला. गाठ पक्की मारली. उरलेलं शेपूट दाताने तोडायचं, तर आईला दात कुठे आहेत? ते तसंच लोंबत राहिलं.

जेवून आल्यावर सिद्धोधनने टॉर्च लावून चारही पाती बोटाने फिरवून बघितली. पाती ठीक होती. काळ्या दांडीखालचा काळा दोरा काही त्याला दिसला नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. ड्रोन रानाच्या कडेने वर गेला. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना धम्मशीला एकदम ओरडली, "दिवा डुलायलाय! भाईर घ्या!"

त्याने वर बघितलं नाही की काय झालं म्हणून विचारलं नाही. अंगठा दाबून ड्रोन सरळ लांब रानात काढला. मध्यावर पोचतो न पोचतो तोच तो गरगर फिरला आणि दगडासारखा खाली आला.

मी स्टेजकडे बघितलं. राजेश्री हार हातात धरून उभी होती. भोवती करवल्या, पुढे मांडीवर लेकरं घेतलेल्या बाया. सगळ्यांच्या डोक्यावर नुसतं मोकळं आभाळ. दाजींनी माझा दंड गच्च धरला होता.

"सुटलो रे बाबा," ते म्हणाले. "सुटलो."

इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. अक्षता टाकायच्या आम्ही दोघंही विसरलो. तांदूळ मुठीतच घामेजले.

नंतर रानात टॉर्चच्या उजेडात सिद्धोधनने ड्रोन उलटा केला. मोटारीच्या आसाला काळा दोरा गच्च गुंडाळलेला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. तेवढ्यात ढेकळं तुडवत आई आली.

"माजाच दोरा हाय त्यो," ती अभिमानाने म्हणाली. "बगा, कसं वाचीवलं समद्यांला!"

मी कपाळावर हात मारला. दाजी काही बोलणार, तोच सिद्धोधन हसला. त्याच्या घरी असले दोरे कुणी मानत नाही, हे मला ठाऊक होतं. आता हा म्हातारीला चार शब्द सुनावणार, असं वाटलं. त्याने फक्त खांद्यावरची बॅग काढून तिच्यापुढे धरली.

"आज्जी, फुडच्या बारीला बांधायचा आसंल तर हितं बांधा. बॅग उडत न्हाई."

आईने लगेच कनवटी चाचपली. दुसरा दोरा निघाला. तो तिने बॅगेच्या पट्ट्याला बांधला, शेपूट लोंबतं ठेवून.

"झालं. आता उडव बिनघोर, पोरीच्या डोक्यावरून."

"आज न्हाई, आज्जी. उजेडात नीट बघितल्याबिगर न्हाई. आन डोक्यावरून तर कवाच न्हाई."

आईने दाजींकडे तक्रारीने बघितलं. दाजींनी मुठीतले ओले तांदूळ सिद्धोधनच्या डोक्यावर टाकले.