बावीस झाकणांचा नीरगंटी

मल्लेश्वरमच्या रस्त्यांवर लोखंडाची बावीस झाकणे होती, आणि ती सगळी ठाऊक असलेला माणूस एकच होता. त्यांचे नाव व्यंकोजी घाटगे. झाकण उचलले की खाली विटांनी बांधलेला कमरेइतका खोल खड्डा, त्यात मोठ्या नळाचा व्हॉल्व्ह. माणसाच्या छातीइतक्या उंच, डोक्याला आडवी मूठ असलेल्या चावीने तो फिरवला की एका रस्त्याचे पाणी सुटे किंवा बंद होई. हे काम करणाऱ्याला बेंगळुरात नीरगंटी म्हणतात. मुळात हा शब्द गावतळ्याचे पाणी शेतांना वाटून देणाऱ्याचा. शहर वाढले, तळी मागे पडली, नळ आले. शब्द मात्र पाणी सोडणाऱ्या माणसाला धरून राहिला.

घाटग्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि रागावताना दोन्ही, अशी त्यांची भाषा होती. व्यंकोजींचे वडीलही नीरगंटी. त्यांनी मुलाला नकाशा दिला नाही, कारण कामाचा नकाशा नव्हताच. कचेरीत एक होता. पण त्यातला मुख्य नळ रस्त्याच्या डाव्या अंगाने जाई आणि जमिनीतला उजव्या. म्हणून वडिलांनी मुलाला चार वर्षे बरोबर हिंडवले. कोणते झाकण कुठल्या वडाखाली आहे, कोणता व्हॉल्व्ह किती फेऱ्यांचा आहे, कोणता सावकाश मिटला नाही तर नळ आतून तोफेसारखा वाजतो, हे सगळे पायांनी आणि हातांनी शिकवले. शेवटी एकच ताकीद दिली : “हे कागदावर उतरवू नकोस. कागद साहेबाचा होतो.”

व्यंकोजींनी ती पाळली आणि तिची फळेही चाखली. त्यांचा हुद्दा सगळ्यांत खालचा, पण कोणाकडे लग्न निघाले की पत्रिका आधी देवापुढे ठेवत आणि दुसरी घाटग्यांकडे येई. निवृत्त पोस्टमास्तर कृष्णमूर्ती चपराशाला कधी ‘बस’ म्हणाले नसतील. व्यंकोजींना मात्र ते स्वतः खुर्ची सरकवून देत. लोकांना पाणी हवे होते, हे व्यंकोजींना कळत होते. तरी इतक्या वर्षांत तो मान चावीचा नसून आपला आहे असे त्यांना वाटू लागले होते, आणि त्यात विशेष नवल नाही.

एकोणीसशे बासष्टच्या अखेरीस उत्तर सीमेवर युद्ध झाले आणि देशभर नागरी संरक्षणाची तयारी सुरू झाली. वस्तीवस्तीत सरकारने सल्लागार नेमले. मल्लेश्वरमला आलेले सल्लागार हयवदन हे हायस्कुलात विज्ञान शिकवत असत. त्यांनी पहिल्याच सभेत वाळूच्या बादल्या आणि खंदक यांच्याआधी पाण्याचा विषय काढला.

“मुख्य नळ फुटला तर टाकी किती वेळात रिकामी होईल?” त्यांनी विचारले.

कोणालाच ठाऊक नव्हते. मागे उभे असलेले व्यंकोजी म्हणाले, “दीड तासात.”

“आणि तुम्हांला सगळी झाकणे बंद करायला?”

“सायकल धड असेल तर तीन तास.”

सभा हसली. हयवदन हसले नाहीत. “म्हणजे आग लागली तर पाणी नाही, इस्पितळात पाणी नाही. शत्रूला एक नळ पुरे आहे,” ते म्हणाले. “पाणी सर्वांचे आहे, तर त्याची राखणही सर्वांना यायला हवी.”

त्यांची योजना साधी होती. मोक्याची सहा झाकणे निवडायची. प्रत्येकाजवळच्या एका घरात चावी ठेवायची, आणि आसपासच्या चौघांना ती चालवायला शिकवायची. शिकवणारे अर्थात व्यंकोजी.

त्या दिवशी जेवताना सकवारबाईंनी नवऱ्याच्या पानात आमटी वाढली आणि विचारले, “मग? शिकवणार सगळ्यांना?”

“सरकारचा हुकूम आहे.”

“मामंजींनी काय सांगितलं होतं?”

“त्यांच्या वेळी लढाई नव्हती.”

“लढाई स्वल्प दिवसांची, हो. नंतर तुम्हांला कोण विचारणार?” त्या सहज बोलल्या, पण व्यंकोजींचा घास हातातच राहिला. त्यांच्या मनात होते तेच त्यांच्या बायकोने बोलून दाखवले होते.

त्यांनी शिकवले. प्रामाणिकपणे शिकवले, असे ते स्वतःला सांगत. झाकण पहारीने कसे उचलावे, आधी आत विंचू आहे का हे कसे पाहावे, चावी चौकोनी टोकावर नीट बसली की नाही हे हाताला कसे कळते, सगळे. अकराव्या क्रॉसच्या, म्हणजे अकराव्या आडरस्त्याच्या, झाकणाची जबाबदारी कावेरीअक्कांकडे आली, कारण ते त्यांच्याच पायरीसमोर होते. नवऱ्यामागे इडलीची खाणावळ चालवणाऱ्या या बाईंचे दंड पीठ वाटून घट्ट झाले होते आणि जीभ गिऱ्हाइकांशी बोलून.

“बाई माणसाच्या हाती चावी!” चौघांपैकी एक असलेले कृष्णमूर्ती म्हणाले. “अक्का, ही काही इडलीची भांडी नव्हेत.”

“हो ना, अण्णा. ही कोणी उधारीवर नेणार नाही,” कावेरीअक्का म्हणाल्या, आणि कृष्णमूर्तींनी विषय बदलला.

अकराव्या क्रॉसचा व्हॉल्व्ह बाकीच्यांसारखा नव्हता. जुन्या काळी परदेशातून आलेल्या मालात तो आला होता आणि त्याचे फिरणे उलटे होते. उजवीकडे फिरवला की इतर व्हॉल्व्ह मिटत, हा उघडे. तो रस्ता उतारावर असल्यामुळे सगळे पाणी पळवून नेऊ नये म्हणून व्यंकोजी तो नेहमी अर्धाच उघडा ठेवत. कावेरीअक्कांना शिकवताना त्यांनी झाकण उघडून दाखवले, चावी बसवून दाखवली, आणि प्रत्यक्ष फिरवायची वेळ आली तेव्हा “सध्या लोकांचं पाणी चालू आहे” म्हणून थांबले.

हयवदन वहीत टिपत होते. त्यांनी विचारले, “सगळे सारखेच ना, व्यंकोजीराव? उजवीकडे बंद?”

“सरी, बरोबर,” व्यंकोजी म्हणाले. “सगळे सारखेच.”

दुसऱ्याचे काही नेले तर आपण त्याला चोरी म्हणतो. आपल्याजवळचे ज्ञान मुकाट्याने दाबून ठेवले तर त्याला नाव नाही. त्यामुळे ते करणाऱ्याला स्वतःलाही फारसे टोचत नाही. व्यंकोजींनी मनाशी हिशेब मांडला होता : एक व्हॉल्व्ह आपला राहिला, तर आपणही राहू. संकट आलेच, तर धावत जाऊन आपण तो फिरवूच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी दहाला सराव ठरला. पाणीखात्याचे इंजिनियर स्वतः घड्याळ घेऊन अकराव्या क्रॉसला उभे राहिले. भोंगा झाला. पाच ठिकाणांहून सायकलस्वार निरोप घेऊन आले : व्हॉल्व्ह बंद, नळ कोरडे. अकराव्या क्रॉसला कावेरीअक्का पदर खोचून खड्ड्याशी उभ्या होत्या. समोरून कृष्णमूर्तींनी मुठीला हात लावला होता. चावी डझनभर फेऱ्या फिरली, जड झाली आणि थांबली.

“झालं!” अक्कांनी कपाळावरचा घाम पुसला.

पायरीशेजारचा नळ तपासण्यासाठी सोडून ठेवला होता. त्याची करंगळीएवढी धार मनगटाएवढी झाली. बादली भरून वाहिली, आणि पाणी इंजिनियरांच्या बुटांपर्यंत आले.

“हे बंद?” ते म्हणाले.

कृष्णमूर्तींनी मुठीवरचा हात कधीच काढून घेतला होता. “मी म्हणतच होतो, साहेब. बाईंनी घाईत उलटी फिरवली असणार.”

“शिकवलं तशीच फिरवली,” कावेरीअक्का म्हणाल्या. “उजवीकडे. तुम्हीही तिकडेच रेटत होता की!”

“मी नुसता आधाराला होतो.”

बघ्यांमध्ये खसखस पिकली. इंजिनियरांनी घड्याळ खिशात टाकले. “हयवदन, तुमची कळकळ मला समजते. पण यंत्र लोकांच्या हाती दिलं की असंच व्हायचं. उद्या चाव्या परत मागवून घेतो. आमचा नीरगंटी पुरेसा आहे.”

‘आमचा नीरगंटी’ तीन पावलांवर उभा होता. त्याला जे हवे होते ते सगळे त्या वाक्यात होते : चाव्या परत, योजना बंद, बावीस झाकणे पुन्हा एकट्याची. त्यासाठी त्याला काहीच करायचे नव्हते. केवळ गप्प राहायचे होते.

कावेरीअक्का वाद घालत नव्हत्या. वाकून ओल्या हातांनी त्या पुन्हा चावी चाचपत होत्या, आपले कुठे चुकले ते शोधत होत्या. त्यांच्या हाताने केलेल्या प्रत्येक गोष्टीचा त्यांना भरवसा होता आणि तो आता ढळला होता. व्यंकोजींना ते पाहवेना. वडिलांची ताकीद आठवली. पण तिच्यात अशा बाईंविषयी काही सांगितलेले नव्हते.

“साहेब,” ते म्हणाले, “अक्कांनी चावी बरोबर फिरवली. व्हॉल्व्ह उलटा आहे.”

पुढे होऊन त्यांनी मूठ अक्कांच्या हातात दिली आणि म्हणाले, “डावीकडे फिरवा.” पंचवीस फेऱ्या झाल्या. नळाची धार बारीक झाली, तुटली, थेंबावर आली आणि थांबली.

“तुम्हांला हे कधीपासून माहीत आहे?” इंजिनियरांनी विचारले.

“वडिलांच्या वेळेपासून.”

“आणि सांगितलं नाही? का?”

व्यंकोजींना खोटे कारण सुचले नाही, आणि सुचले असते तरी त्या क्षणी ते चालले नसते. “सांगितलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं, साहेब?”

कृष्णमूर्तींनी मान खाली घातली. कावेरीअक्का मात्र व्यंकोजींकडे टक लावून बघत राहिल्या. “अण्णा, सगळ्यांसमोर माझी शोभा केलीत,” त्या म्हणाल्या, आणि चावी उचलून घरात गेल्या. पुढचे सहा महिने व्यंकोजींना त्या घरची कॉफी मिळाली नाही.

सेवापुस्तकात शेरा पडला. तो योग्यच होता, असे व्यंकोजी पुढे म्हणत. योजना मात्र वाचली, कारण सराव फसला तो लोकांमुळे नव्हे हे सगळ्यांसमोर सिद्ध झाले होते. दुसऱ्या दिवशी हयवदन घरी आले. त्यांनी रागही केला नाही आणि शाबासकीही दिली नाही. वही उघडून एवढेच विचारले, “असे आणखी किती आहेत?”

“उलटा हा एकच. पण लहरी आहेत पाच.”

“चला तर.”

आठ दिवस दोघे हिंडले. व्यंकोजी सांगत आणि हयवदन लिहीत : दहावा बत्तीस फेऱ्यांचा, चौदावा शेवटच्या चार फेऱ्यांना फसवतो, सतराव्याला श्वास घेऊ द्यावा, नाहीतर नळ वाजतो. तिसऱ्या दिवशी व्यंकोजींना जाणवले, की आपण हे कोणाला प्रथमच सांगत आहोत आणि सांगता सांगता आपल्यालाच ते जास्त स्वच्छ दिसू लागले आहे. कोणते आधी मिटायचे आणि कोणते मागून, हा दोन झाकणांमधला संबंध त्यांना त्या वहीच्या पानावर पहिल्यांदा दिसला. अकराव्या क्रॉसच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने डावीकडे वळणारा बाण त्यांनी स्वतः काढला.

तरी सकवारबाईंचे म्हणणे अगदीच खोटे ठरले नाही. पत्रिका कमी झाल्या. रस्त्यात थांबवून चौकशी करणारे कमी झाले. कृष्णमूर्तींची खुर्ची कधी सरके, कधी नाही. व्यंकोजींना ते लागले. एखादी गोष्ट वाटून टाकली की ती वाढते, असे म्हणणाऱ्यांनी वाटणाऱ्याच्या घरी दोन दिवस राहून पाहावे. मात्र त्यांची सायकल आता संध्याकाळी घरी असे, आणि इतक्या वर्षांत प्रथमच ते बायकोबरोबर येलहंक्याला मेहुणीकडे रात्रभर राहून आले. “पाण्याचं काय झालं असेल?” असे त्यांनी तिथे चार वेळा विचारले. पाचव्यांदा सकवारबाईंनी डोळे वटारले.

एकोणीसशे पासष्टमध्ये पुन्हा युद्ध झाले, दिव्यांवर काळे कागद लागले, पण मल्लेश्वरमवर विमान आले नाही. मुख्य नळ फोडला तो नोव्हेंबरात, शांतता झाल्यावर, टेलिफोनसाठी चर खणणाऱ्या एका मजुराच्या पहारीने.

व्यंकोजी त्या वेळी न्हाणीघरात होते. अंगाला आणि डोक्याला साबण, डोळे मिटलेले, रिकाम्या बादलीत धार पडत होती. धार बारीक झाली. त्यांनी कान दिला. आवाजावरून कळत होते : आधी चढावरचा व्हॉल्व्ह मिटत होता, मग उतारावरचा. सावकाश, मध्ये थांबून. नळ वाजला नाही. शेवटचा थेंब पडला.

“काय झालं हो?” बाहेरून सकवारबाई.

“फुटलाय कुठेतरी. आणि कोणीतरी बंद केलाय.”

पंच्याने तोंड पुसून, सदरा अडकवून ते धावले. अकराव्या क्रॉसवर घोटाभर पाणी ओसरत होते. चरात फुटका नळ दिसत होता आणि त्यातून आता काहीच येत नव्हते. पायरीसमोर चावी आडवी मांडीवर घेऊन कावेरीअक्का स्टुलावर बसल्या होत्या, आणि कृष्णमूर्ती त्यांची मनधरणी करत होते : “अक्का, नुसत्या दोन फेऱ्या. सून बाळंत झाली आहे घरात.”

“सुनेसाठी आतून दोन घागरी न्या. चावी फिटर आल्याशिवाय हलणार नाही.” मग त्यांचे लक्ष व्यंकोजींकडे गेले. “तुम्ही कशाला आलात, अण्णा? मी, मोठा मुलगा, शेजारचे दोघे, वीस मिनिटांत झालं. खात्याला सायकल पाठवली आहे.”

“आधी वरचा मिटवलात?”

“हयवदनांच्या वहीत तसंच आहे की! तुम्हीच सांगितलंत ना?”

व्यंकोजी चराच्या काठाशी वाकले, नळ पाहिला, झाकण पाहिले. करण्यासारखे काही उरले नव्हते. कानाशी साबण वाळून ताणत होता.

“अण्णा,” कावेरीअक्का म्हणाल्या, “अर्ध्या अंघोळीतून आलात वाटतं.”

“हो.”

“मग उभे काय? आत हंड्यात ऊन पाणी आहे, एक घागर घेऊन जा. घागर मात्र आजच परत पाठवा, उद्या मला इडल्यांना लागते.”

व्यंकोजींनी घागर खांद्यावर घेतली. रस्ता चढावाचा होता, पाणी हिंदकळून पाठीवर सांडत होते. दारात सकवारबाई वाट पाहत होत्या. तीस वर्षे घरोघरी पाणी पोहोचवणारा त्यांचा नवरा दुसऱ्याच्या घरचे पाणी आणताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्या हसू लागल्या. व्यंकोजीही हसले, आणि राहिलेली अंघोळ करायला आत गेले.