व्हीसीआरच्या मागचा स्क्रू

धाकटी सून लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा तिच्याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. बोलणं कमी, पावलांचा आवाज नाही, दुपारी आपली शिवणयंत्रावर बसलेली. लक्ष गेलं ते दोन वर्षांनी, एका रविवारी सकाळी. त्या दिवशी ती बाहेरच्या खोलीच्या दारात पिवळं फडकं हातात घेऊन उभी होती आणि सतरा माणसं माना वळवून तिच्याकडे बघत होती.

नणंद परदेशी राहत होती. तिला मुलगी झाली आणि तिने बाळाची व्हिडिओ कॅसेट पाठवली. थोरल्या दिरांनी महिन्यापूर्वीच व्हीसीआर घेतला होता, तेव्हा घरात कॅसेट बघण्याचा मोठा बेत ठरला. आत्या आल्या, मामा आले, शेजारची चार माणसं आली. सासूबाई सगळ्यांत पुढच्या खुर्चीत चष्मा पुसत बसल्या. दिरांनी कॅसेट आत सरकवली, टीव्हीचं आठ नंबरचं बटण दाबलं, आणि पडद्यावर मुंग्या आल्या. नुसत्या मुंग्या आणि खरखर.

दीर कारखान्याच्या स्टोअरचे प्रमुख होते. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर. घरातला एकही स्क्रू त्यांच्या राज्यात सैल राहिला नाही. दाराच्या बिजागऱ्या, कपाटाच्या मुठी, पाहुण्यांच्या चष्म्याच्या दांड्या, दिसेल ते आवळून टाकायचे. त्यांनी वायरी काढल्या, पुन्हा घातल्या, टीव्हीच्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या. मुंग्या हलेनात. मग त्यांनी मागे वळून विचारलं, "सकाळी याला हात कोणी लावला होता?"

"मी पुसलं होतं, भाऊजी. नुसती वरची धूळ."

"पुसलं की उपटलं?" दीर म्हणाले. माणसं हसली, तसा त्यांना चेव आला. "अगं, हे पोळपाट-लाटणं नाही, मशीन आहे. तुला काय कळतंय त्यातलं? जाळलंस ना! आता ही बाई घरात शॉर्टसर्किटच करणार."

पुन्हा हशा झाला. सासूबाई हसल्या नाहीत. नात बघायला मिळाली नाही म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी बघून सगळ्यांनी पुन्हा धाकटीकडेच पाहिलं. त्या सतरा जणांची तोंडं तिने एकेक करून बघून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दिरांनी व्हीसीआर चादरीत गुंडाळून चौकातल्या रेडिओवाल्या काकांकडे नेला आणि संध्याकाळी ठणठणीत करून परत आणला. "पार जळला होता आतून," त्यांनी घरात सांगितलं. बाळ सगळ्यांनी पाहिलं, पण धाकटीला नाव चिकटलं ते चिकटलंच. तिने पंख्याचं बटण दाबलं की पुतणे ओरडायचे, "पळा, शॉर्टसर्किट!" थोरल्या जाऊबाई इस्त्री तिच्या हातातून काढून घ्यायच्या. "राहू दे, तू नको. अजून चांगली चालतेय ती."

पंधरा दिवसांनी तिचा ट्रान्झिस्टर बंद पडला, म्हणून ती काकांच्या दुकानात गेली. काका जाड भिंगाचा चष्मा लावून कुठल्याशा सर्किटच्या पट्टीला सोल्डरचा डाग देत होते.

"व्हीसीआर बरा आहे ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "साहेबांना सांगा, तो मागचा स्क्रू पुन्हा आवळू नका म्हणावं."

"कुठला स्क्रू?"

काकांनी दुकानातला एक व्हीसीआर फिरवून दाखवला. मागच्या बाजूला, वायरींच्या शेजारी, एका छोट्या भोकात पितळी स्क्रू होता. व्हीसीआर कुठल्या चॅनलवर चित्र पाठवतो ते त्याने ठरतं, ते म्हणाले. तो फिरला की चित्र दुसरीकडे जातं आणि टीव्ही बसतो जुन्याच जागी वाट बघत. "साहेबांना वाटलं सैल आहे. चांगला दोन वेढे आवळला होता. बाकी मशीनला धक्का नाही. मी तसं सांगितलं, तर हसले, म्हणाले घरी बोलू नका."

धाकटीने वाकून तो स्क्रू नीट पाहिला. मग तिने विचारलं, "मुंग्या यायला किती फिरवावा लागतो?"

"पाव वेढा पुरे," काका म्हणाले आणि मग त्यांनी मान वर केली.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो स्वभावाने मऊ. "जाऊ दे गं," तो म्हणाला. "दादा आहे. मोठा आहे." ती रात्रभर कूस बदलत राहिली नाही की रडली नाही. छान झोपली. कारण काय करायचं ते तिचं ठरलं होतं.

तिच्या शिवणयंत्राच्या खणात बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर होता. पुढच्या रविवारी दिरांनी कारखान्याच्या मॅनेजरना सिनेमा बघायला घरी बोलावलं. धाकटीने त्याआधी अर्धा तास बाहेरची खोली झाडली, आणि झाडताना तो स्क्रू पाव वेढा डावीकडे फिरवला. मॅनेजर आले, चहा झाला, दिरांनी "आता बघा" म्हणून बटण दाबलं. मुंग्या. दीर गुडघ्यांवर बसले, वायरी काढू-घालू लागले. मागच्या स्क्रूला ते आता हातच लावत नसत, म्हणून तो फिरला असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या मानेवरून घाम शर्टात उतरताना धाकटीने ट्रे हातात धरून, अगदी सावकाश, शेवटपर्यंत पाहिला. मॅनेजर तासाभराने उठून गेले.

दुसऱ्या दिवशी काकांना घरी बोलावलं. ते यायच्या आत तिने स्क्रू पाव वेढा उजवीकडे फिरवला. काकांनी बटण दाबलं, चित्र स्वच्छ.

"साहेब, चालतंय की!"

"काल नव्हतं चालत!"

"काल मी नव्हतो," काका म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

असं वर्षभरात चारदा झालं. एकदा दिरांचे जुने मित्र आले होते, एकदा सासुरवाडीची माणसं, एकदा मॅनेजरांच्या साहेबांनी रेकॉर्ड करून दिलेली मॅच लावायची होती. प्रत्येक वेळी मुंग्या, आणि प्रत्येक वेळी काका आले की चित्र. घरच्यांसाठी, सासूबाईंना बाळ बघायचं असलं तर मात्र व्हीसीआर कधी रुसला नाही. दिरांनी नवी वायर आणली, टीव्ही दुसऱ्या भिंतीला लावला, व्हीसीआरखाली लाकडी फळी ठोकली. "याच्यात काहीतरी भूत आहे," ते म्हणू लागले. लोकांना घरी बोलावणंच त्यांनी हळूहळू बंद केलं. धाकटी आतून ऐकायची आणि यंत्राची टीप आणखी सरळ मारायची.

चौथ्या वेळी काकांनी जाताना तिला जिन्यात गाठलं.

"किती दिवस चालवणार आहेस, पोरी?"

"सतरा जण होते तेव्हा," ती म्हणाली. "ते सगळे परत एकत्र बसतील तोपर्यंत."

ते बसले. नणंद वर्षभराने मुलीला घेऊन आली. बरोबर मुलीच्या पहिल्या पावलांची नवी कॅसेट. झाडून सगळे आले, ठार बहिऱ्या आत्यासुद्धा. दिरांना नाही म्हणता येईना. त्यांनी कॅसेट सरकवली, आठ नंबर दाबला, आणि मुंग्या बघताच डोळे मिटून घेतले.

या वेळी धाकटी दारात थांबली नाही. खुर्च्यांमधून वाट काढत ती टीव्हीपाशी गेली.

"भाऊजी, तुमचा स्क्रूड्रायव्हर द्या."

"तुला काय..." ते म्हणाले आणि थांबले. नणंद म्हणाली, "दे ना दादा, बघू दे तिला."

तिने व्हीसीआर सगळ्यांच्या समोर फिरवला, पितळी स्क्रूवर बोट ठेवलं, आणि पाव वेढा उजवीकडे दिला. पडद्यावर गुलाबी फ्रॉकमधली मुलगी सोफ्याला धरून उभी राहिली. खोलीत एकच गलका झाला. धाकटीने कॅसेट थांबवली. मुलगी एक पाय उचलून तशीच राहिली.

"गेल्या वर्षी हा स्क्रू कोणी आवळला होता, भाऊजी?"

"आता ते कशाला? लाव ना कॅसेट."

"काकांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही त्यांना घरी बोलू नका म्हणालात. मी थांबते, तुम्ही सांगा."

सासूबाईंनी चष्मा काढला. "काय रे? खरं का हे?"

दिरांनी आईकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. "मी आवळला होता," ते पुटपुटले. "जळलं-बिळलं काही नव्हतं."

"आत्याबाईंना ऐकू आलं नसेल," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "जरा मोठ्याने."

आणि त्यांना ते पुन्हा, आत्याच्या कानाशी वाकून, ओरडून सांगावं लागलं. "मी! मी आवळला होता! तिने नाही!"

"मग हिला का बोललास मेल्या?" आत्या तितक्याच मोठ्याने म्हणाल्या.

वर्षभर दिरांना घाम कोणी फोडला, हे मात्र तिने त्या दिवशी सांगितलं नाही. दिरांना ते कळायला दोन दिवस लागले. कळल्यावर ते तिच्याशी बोलायचे बंद झाले, ते कायमचे. नवरा म्हणाला, "एवढं करायला नको होतं." ती म्हणाली, "एवढंच करायचं होतं." पुढे त्या घरातून दोघं वेगळी झाली, त्याची सुरुवात त्या रविवारीच झाली हे तिला ठाऊक आहे. तिला कधी पस्तावल्यासारखं वाटलं का, असं कोणी विचारलं तर ती विचार करते. प्रामाणिकपणे करते. मग म्हणते, "नाही बाई. ते आत्याच्या कानात ओरडले ना, ते आठवलं की अजून बरं वाटतं."

वेगळं झाल्यावर काकांनी तिला दुकानात बसायला बोलावलं. आधी वायरींना टोकं लावायला, मग रेडिओ उघडायला, मग सगळ्यालाच. काका जाऊन बारा वर्षं झाली. ती आता साठीची आहे आणि दुकान तीच चालवते. नवं कोणी फारसं दुरुस्तीला आणत नाही. लोक जुन्या कॅसेटी घेऊन येतात आणि ती त्या पेनड्राइव्हवर उतरवून देते. सकाळी दहा ते एक, रविवारी बंद.