बर्फावर मी पुढे होते आणि टीव्ही बंद झाला

मंडळी, डोकं अजून तापलेलंय, म्हणून लिहितेय.

मुंबईहून आलेल्या माझ्या दिरांनी दुपारी गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. मुद्दाम बर्फाचा ट्रॅक निवडला. "वहिनी, घसराल हां!"

घसरलेच. दोनदा दरीत पडले. ते खदाखदा हसले. मग कळलं, वळणाआधीच वेग सोडायचा. शेवटच्या फेरीत मी त्यांना मागे टाकलं आणि टीव्ही बंद!

"लाइट गेली वाटतं," भावजी म्हणाले. डोक्यावर पंखा गरगरत होता.

"रिमोट उशीखालून काढा आणि परत लावा. तोच ट्रॅक."

"नको, डोकं दुखतंय."

वर नवरा मलाच म्हणतो, "खेळच तो, एवढं काय मनाला लावून घेतेस?"

खेळच होता, तर त्याच्या भावाला हरता का आलं नाही?