बैराठला रेल्वे जात नाही

माझ्या सासूबाई आनंदी तायडे रेल्वेच्या पासावर सारनाथला जाऊन आल्या, सांचीला गेल्या, बोधगयेला तर दोनदा. पण आम्ही राहतो त्या जयपूरपासून दोन तासांवरचं, जुन्या बौद्ध विहाराचं बैराठ तीस वर्षांत बघायचं राहून गेलं, कारण बैराठला रेल्वे जात नाही. रेल्वेच्या माणसाने तिकीट काढून बसने जावं, हे माझ्या सासऱ्यांच्या, उत्तमरावांच्या, निष्ठेत बसत नव्हतं. जाऊ कधीतरी, जाऊ कधीतरी करत गेल्या वर्षी ते एकटेच पुढे निघून गेले.

आता आई कायमच्या अकोल्याला निघाल्या होत्या, त्यांच्या धाकट्या भावाकडे. रविवारच्या गाडीचं तिकीट होतं. जायच्या आधी काही बघायचंय का, असं कौशिकने विचारलं तेव्हा त्यांनी बैराठ सांगितलं. कौशिक, माझा नवरा, आईने मागितलेलं सगळं आणून देतो, फक्त तोंडातून शब्द काढत नाही. मी तरी काय वेगळं केलं? राहा म्हणायचं रोज ओठावर यायचं. पण माझी नोकरी, घरात सहा वर्षांची तनया. सुनेला पोर सांभाळायला सासू हवीय, असाच अर्थ निघाला असता. म्हणून आम्ही दोघंही शहाण्यासारखं ‘तुम्हाला बरं वाटेल तसं करा’ म्हणत राहिलो. असल्या शहाणपणाला आग लागो.

जयपुरातल्या आमच्या विद्याधर नगरहून सकाळी लवकर निघालो. आई विहारात जायची पांढरी साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत मेणबत्त्या, अगरबत्ती आणि रस्त्यातल्या ढाब्यावर विश्वास नाही म्हणून भाकरी-ठेचा. दिल्ली हायवेवर ट्रकांनी जीव खाल्ला. शाहपुऱ्यानंतर आत वळलो तशी मोहरीची शेतं लागली आणि मग बैराठच्या टेकड्या, कुणी बटाट्याची पोती ओतून ठेवावी तशा गोल दगडांच्या.

चढ बराच होता. आईंचे गुडघे कुरकुरत होते, पण कुणाचा आधार घेतील तर शपथ. तनया केव्हाच वर पोचली होती. विहार दिसला काय, असं आईंनी खालून विचारलं. वरून उत्तर आलं, “आजी, खाली आहे!”

आई थांबल्या, वळल्या आणि निमूटपणे पायऱ्या उतरायला लागल्या. मी धावत जाऊन त्यांना गाठलं. आईंना हिंदी उत्तम येते, पण नात मराठीत बोलली की त्या मराठीच ऐकतात. पोरीला हिंदीतलं ‘खाली’ म्हणायचं होतं, म्हणजे रिकामं आहे. हे सांगितल्यावर त्या चिडतील असं मला वाटलं. त्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि पुन्हा चढायला लागल्या.

तनयाचं खोटं नव्हतं. अशोकाच्या काळातल्या गोल चैत्याचा नुसता पाया उरलाय. मूर्ती नाही, छप्पर नाही. आईंनी पदराआड मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं आणि त्या गोलाभोवती चालू लागल्या. तनया त्यांच्या पदराला धरून मागे. भिक्खू असेच फिरायचे, हे त्या तिला सांगत होत्या, आणि ती मधूनमधून ‘मतलब?’ विचारत होती. मला एकदम भरून आलं. रविवारनंतर हा आवाज घरात नसणार होता.

“आई, जाऊ नका,” मी म्हणून गेले. “तनयासाठी नाही म्हणत. मला तुम्ही हव्या आहात. संध्याकाळी घरी आले की मला तुमच्याशी बोलायचं असतं.”

आई चालता चालता थांबल्या. 

“चार महिने जातो जातो म्हनत होती मी, पोरी,” त्या म्हणाल्या. “कोनीच राय म्हनलं नाही मले. मले वाटलं, जड झाली मी तुमाले.”

कौशिक मागेच उभा होता. एवढा मोठा बाप्या, आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. रविवारची गाडी आईंना न घेताच अकोल्याला गेली.