तेलमामांनी पुस्तक चिंधीवर चालवून पाहिलं

तेलमामा मुळात कुणाचे मामा, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. शिलाई मशीन दुरुस्त करता करता ते सगळ्या गल्लीचे मामा झाले, आणि सदऱ्याच्या खिशात तेलाची पिटुकली बाटली कायमची, म्हणून तेलमामा. बाटली गळायची. छातीवर डाग नाही असा एक सदरा घरात सापडला नसता. मामी म्हणायच्या, "लोक छातीवर बिल्ले मिरवतात, आमच्याकडे हे!"

तर या मामांनी दुकान आवरायचं ठरवलं. हात थरथरू लागला होता. बारीक स्क्रू बोटांतून निसटून कपाटाखाली पळायचा आणि मामा पालथे पडून त्याला शिव्या घालत शोधायचे. दुकान बंद करण्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. घोर लागला होता तो आपल्या गिऱ्हाइकांचा. शिवणावर घर चालवणाऱ्या त्या बाया, मशीन अडली की जाणार कुठे? म्हणून मामांनी चक्क पुस्तक लिहिलं. आपल्यामागं पुस्तकानं उत्तर द्यावं, बस्स. नाव ठेवलं 'यंत्रहृदयाची स्पंदने'.

त्यांची सूनबाई घरी बसून संगणकावर लोकांची पुस्तकं छपाईसाठी मांडून द्यायची. तिनं नाव वाचलं आणि ओठ घट्ट दाबून धरले.

"हसायचं तर हस बाई, गुदमरशील," मामा म्हणाले.

"नाव सुरेख आहे, बाबा. फक्त हृदयाचे डॉक्टर पुस्तक मागवतील."

"मग काय ठेवू?"

"मशीन अडलेली बाई फोनवर काय शोधेल? तेच ठेवा."

मामांनी दोन दिवस तोंड पाडलं आणि मग 'घरची शिलाई मशीन घरीच दुरुस्त करा' या नावाला रुकार दिला. मुखपृष्ठावर त्यांना स्वतःचा फोटो, मशीन, गुलाब आणि उगवता सूर्य एवढं सगळं हवं होतं. सूनबाईनं ते फोनवर नखाएवढं करून दाखवलं. मामांनी चष्मा लावला, चष्मा काढला. "हे काय, भेळ सांडल्यासारखं?" शेवटी एक मशीन आणि ठळक अक्षरं उरली. सूर्य मावळला.

खरी जुंपली ती प्रतींवरून. छापखानेवाले मामांचे जुने दोस्त. ते म्हणाले, "भरपूर काढू या! जितक्या जास्त काढाल तितकी एकेक प्रत स्वस्त." मामा हुरळले. सूनबाई म्हणाली, "बाबा, हल्ली मागणी येईल तशा प्रती छापतात. चूक सापडली तर पुढच्या प्रतीत सुधारता येते. आधीच ढीग काढला तर तो राहील पलंगाखाली."

"पलंगाखाली गठ्ठे नसतील तर मग लेखक कसला?" मामा गरजले.

सूनबाई शांतपणे म्हणाली, "दुरुस्त केलेली मशीन चिंधीवर चालवल्याशिवाय तुम्ही कधी परत दिलीत?"

"मेलो तरी देणार नाही!"

"मग पुस्तक कुठल्या चिंधीवर चालवलंत?"

 मामांनी तिथल्या तिथे छापखान्यात फोन लावला, "अरे, हात आवर. आधी एकच प्रत काढ."

चिंधी म्हणून निवड झाली ती मेहुणीची. मामींची ही धाकटी बहीण शेजारच्या गल्लीत ब्लाउज शिवायची, आणि तिच्या जिभेला सुईपेक्षा जास्त धार होती. तिच्या मशीनवर कापडाखाली दोऱ्याचा गुंता व्हायला लागला होता. अट अशी, की तिनं फक्त पुस्तक वाचून मशीन नीट करायची आणि मामांनी स्टुलावर बसून तोंड मिटून राहायचं.

"भाऊजी आणि तोंड मिटून?" मेहुणी सुनेला म्हणाली. "त्यांच्या तोंडालाच दोन टाके घालू का?"

सुरुवातच अशी झाली, की पुस्तक उघडं राहीना. ती पान उघडायची, दोन्ही हात मशीनला लावायची, आणि पुस्तक आपलं पटकन मिटायचं. तिनं त्यावर कात्री ठेवली, मग बटणांचा डबा, शेवटी इस्त्री. "भाऊजी, पुस्तकाबरोबर एक माणूस पण द्या धरायला! नाहीतर कुणीतरी वाचून तरी दाखवा." सूनबाई एका कागदावर भराभर लिहीत होती.

मेहुणीनं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. सुई बदलली, कापड सरकवणाऱ्या दातांमधला कचरा ब्रशनं काढला, दोरा पुन्हा ओवला, चिंधी सरकवली, चाक फिरवलं. खाली गुंता. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा गुंता. मामा स्टुलावर उकळत होते. गुडघे हलत होते, मिशा हलत होत्या. तिसऱ्या खेपेला मेहुणीनं ओवायला दोरा हातात घेतला आणि मामा किंचाळलेच, "अगं, पाय उचल!"

मेहुणीनं दचकून स्वतःचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले.

"तुझा नव्हे! मशीनचा! कापड दाबतो तो! तो खाली असला की दोरा ताणून धरणाऱ्या वरच्या चकत्या आवळलेल्या राहतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही. ओवण्याआधी तो वर करायचा, हे पोरालासुद्धा कळतं!"

"असं?" मेहुणी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कुठल्या पानावर लिहिलंय?"

मामांनी पुस्तक ओढून घेतलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. कुठेच नव्हतं. उभ्या जन्मात दोरा ओवताना त्यांचा डावा हात आपसूक तो पाय वर करत आला होता. हाताला ठाऊक होतं, पण हातानं डोक्याला कधी सांगितलंच नव्हतं, मग डोकं लिहिणार कुठून? मामा घाम पुसत म्हणाले, "भरपूर छापली असती तर गावभर गुंते विकले असते की मी!"

त्यानंतर पुस्तकाला नवं पान लागलं. अक्षरं मोठी झाली. पाठीला तारेची बांधणी आली, म्हणजे पुस्तक टेबलावर सपाट पडून राहावं. आणि हल्ली लोक कामं करता करता पुस्तकं ऐकतात, हे सांगून सूनबाईनं मामांना, आवाज घुमू नये म्हणून, गाद्या रचलेल्या खोलीत बसवलं आणि सगळं त्यांच्याच आवाजात वाचून घेतलं. मामांना दर पानाला एक गोष्ट आठवायची. त्या गोष्टी कापता कापता सूनबाईच्या नाकी नऊ आले.

पण पुस्तक चालतं का, हे अजून ठरायचंच होतं. मेहुणी आता बाद. तिला उत्तर कळलं होतं. दुसरी चिंधी कुठून आणायची, या विचारात मामा एका दुपारी छापखान्यातून परतले तर घरातून मशीनचा आवाज. आत मामी बसलेल्या. त्यांनी आजवर मशीनला बोट लावलं नव्हतं. घरात एक मशीनवेडा पुरे, म्हणायच्या. समोर नवी प्रत सपाट पसरलेली, शेजारी फोनमधून मामांचाच आवाज चाललेला, आणि उशीच्या अभ्र्यावर टीप पडत चाललेली. किंचित वाकडी, पण खाली गुंत्याचा मागमूस नाही.

"अगं, काय झालं होतं मशीनला?"

"दोरा तुटत होता. सुई उलटी बसली होती. बसवली नीट."

"मला हाक मारायची की!"

"कशाला?" मामींनी मानही वर केली नाही. "आणि जरा गप्प बसा, तुम्ही काय सांगताय ते ऐकू येत नाहीये."

पुस्तक पास झालं हे सांगायला मामा आल्या पावली छापखान्याकडे निघाले. वाटेत वाणी भेटला, न्हावी भेटला, मेहुणी तर हमखास भेटलीच, आणि प्रत्येकाला थांबवून मामांनी एकच बातमी दिली: बायकोला आपली काडीचीही गरज पडली नाही! एवढ्या गोष्टीनं इतका खूश झालेला नवरा त्या गल्लीनं पूर्वी कधी पाहिला नव्हता.