रिकामा चिखल

डोंबिवलीचे गुरुदत्त सबनीस म्हणजे एक नंबरचे काळजीखोर. विमा कचेरीतून निवृत्त झाले आणि पूर्णवेळ पृथ्वीची काळजी करायला लागले. उन्हाची लाट, वितळणारं बर्फ, चढणारा समुद्र. बातम्या वाचून वाचून भूक मेली, झोप उडाली. बायको सरोज टेकीला आली. डॉक्टर म्हणाले, बातम्या कमी करा, हाताला काम द्या.

दिलं की हो काम! मोठागावच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो. सबनीसांना तो रिकामा दिसला. तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, लावली तर चढतं पाणी अडेल म्हणून त्यांनी दोनशे रोपं लावली, एकट्यानं, कुणाला न विचारता. वर सोसायटीच्या बागेत लावतात तशी प्रत्येकाला बांबूची काठी. महिन्याभरात माणूस घोरायला लागला. सरोज तर डॉक्टरांना पेढे देऊन आली.

आणि एका सकाळी, रोपं बघायला गेले तर बांधावर आवडाबाई. सरोज जिच्याकडून वर्षानुवर्षं मासळी घेते ती कोळीण. शेजारी तिची सून मालन, पायाला हे एवढं बँडेज.

"कोनी मेल्यानं काठ्या रोवल्यान," आवडाबाई म्हणाली. "चिखलान हात घालून शिंपल्या काढतो आमी. खाली काय दिसतंय? भरतीनं मोडलेली काठी हिच्या पायात गेली. पंधरा दिस झाले, काम बंद हाय."

"सरकारी लोक असतील," सबनीस बोलून गेले.

शी! अख्ख्या जन्मात कधी खोटी सही न केलेला माणूस, आणि ही थाप अशी सहज सुटली. खरं सांगावं, तर रोपं जाणार. रोपं गेली की ती जुनी काळजी पुन्हा छातीत येऊन बसणार.

"मंग अर्ज लिवून द्या ना, भाऊ. तुमी शिकलेली मानसं."

आता नाही कसं म्हणणार? मालननं मुलाच्या वहीचा कागद दिला, लंगडत जाऊन चहासुद्धा आणला. सबनीसांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'महोदय, अज्ञात व्यक्तीने...' आणि पेन अडलं. मालन म्हणाली, "काका, चाय निवतंय." त्या 'काका'नं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी 'अज्ञात व्यक्तीने' खोडलं, तिथं स्वतःचं नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.



"माफ करा, आवडाबाई."

"माफी मंग. आधी काठ्या उपटा, रोपां पन. शिंपल्यांची जागा हाय ती."

चार दिवस, चार ओहोट्या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सबनीस चिखलात हातानं चाचपत काठ्या आणि रोपं काढत होते. बांधावरून मालन, "डावीकडं, काका, आजून एक हाय," असं सांगत होती. कोळीवाड्यातली माणसं थांबून बघत, हसत नसत, तेच जड जाई. घरी सरोजलाही सांगावं लागलं.

शेवटच्या दिवशी उपटलेल्या रोपांचा ढीग बांधावर पडला होता. आवडाबाईनं त्यातलं एक उचललं, मुळं पाहिली आणि बांधाच्या पलीकडच्या टोकाकडे बोट केलं.

"जिवंत हायेत. थय बांध खचतंय, आमची घरां हायेत पाठी. थय लावा, भाऊ. मी जागा दाखवतंय."

सबनीसांनी मान खाली घालूनच रोपं उचलली आणि ते तिच्या मागं निघाले.